स्टेटस बघत जा म्हणे!

चुलत मामांच्या मुलाचा साखरपुडा झाला. इथेच, इंदूरात, सुदामानगरला. मला कळलं कधी? तिसऱ्या दिवशी सकाळी, पोह्यांच्या ठेल्यावर. मी आपला पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरवतोय आणि शेजारचा ओळखीचा म्हणतो, "अभिनंदन! जेवण काय झकास होतं!"

मामींना फोन लावला, तर त्याच माझ्यावर चिडल्या. "अरे, टाकलं होतं की! तू बघतच नाहीस." कुठे टाकलं होतं? स्टेटसला! चोवीस तासांत उडून जाणाऱ्या स्टेटसला! त्या दिवशी मी कामाने देवासला होतो, फोन नाही बघितला, तर नात्यातून बाद? फोटो दुसऱ्याच अ‍ॅपवर, तिथे माझं खातं नाही. पोरांचा ग्रुप तिसरीकडे, त्यात मोठी माणसं नकोत. आणि मामा स्वदेशीचे भक्त, ते अरट्टाई या देशी अ‍ॅपवर. तिथे ते आणि त्यांचे दोन मित्र रोज एकमेकांना सुप्रभात घालतात.

ऑर्कुट 2014 च्या सप्टेंबरात बंद पडलं, तोवर सगळी वरात फेसबुकवर पोचलीही होती. वरात निदान एकत्र तरी निघाली! आता नुसती फाटाफूट. मस्कने 2022 मध्ये 44 अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतलं, वर्ष होतंय न होतंय तोच त्याचं नाव पुसून एक्स केलं. माणसं पांगली. कोणी थ्रेड्सवर, कोणी ब्लूस्कायवर, कोणी मॅस्टोडॉनवर. आपल्या भाषेत लिहायला म्हणून कू नावाच्या देशी अ‍ॅपवर गेलेल्यांचं तर दुकानच 2024 च्या जुलैत उठलं. दर खेपेला नवा पासवर्ड, नवा ओटीपी, आणि वर "तुमचे 3 मित्र इथे आहेत". तीन! त्यातला एक विमा एजंट.

बरं, जुनं अ‍ॅप उघडावं, तर तिथे ओळखीचं कोणी दिसेल तर शपथ. सहा बोटांची कुणी आजी केक घेऊन रडत बसलीये, तिला म्हणे कोणी शुभेच्छा देत नाही. आणि खाली आमच्या कॉलनीतले शहाणेसुरते, पेन्शन घेणारे लोक तिला उदंड आयुष्य चिंततायत! अहो, ती आजी एआयच्या मशीनने काढलीये! सख्खी मावशी महिनाभर अंथरुणाला खिळून होती, तिच्या लेकीने तिथेच लिहिलं होतं, ते मात्र मला एकदाही दिसलं नाही.

लग्न डिसेंबरात आहे. हॉल कुठला ते विचारायला नवरदेवालाच गाठलं, तर म्हणतो, "टाकतो ना दादा, ग्रुपवर."

कोणत्या ग्रुपवर रे भिया?