भिंत पक्की आहे, पण दारं आपणच सीमध्ये बांधतो

"सी प्रोग्रॅममध्ये वेबअसेंब्लीचा रनटाइम बसवा, वाझी चालू करा आणि परक्याचं प्लगइन बिनधास्त चालवा. ते तुमच्या फाइलींना हात लावू शकत नाही, तुमची मेमरी बिघडवू शकत नाही, तुमचा प्रोग्रॅम अडवू शकत नाही. जुना सी कोड नुसता पुन्हा कंपाइल करायचा. दहा ओळींचं काम. डॉकर बनवणाऱ्यानेच सांगितलंय."

हा मजकूर थोड्याफार फरकाने मला तीन-चार जणांनी पाठवला. वेबअसेंब्ली (थोडक्यात वॅझम) म्हणजे कोणत्याही मशीनवर कोंडून चालवता येणारा कंपाइल केलेला कोड, मॉड्यूल म्हणजे त्याचा एक तुकडा (इथे प्लगइन), रनटाइम म्हणजे तो चालवणारा भाग आणि होस्ट म्हणजे आपला सी प्रोग्रॅम. वाझी म्हणजे वेबअसेंब्ली मॉड्यूलने बाहेरच्या जगाकडे फाइल, घड्याळ वगैरे मागण्यासाठी ठरवून दिलेली फंक्शनं. मी हे रोज वापरतो आणि मला ते आवडतं, म्हणूनच या मजकुराचा राग येतो. त्यात खोटं कमी आहे, अर्धवट जास्त.

डॉकरचं, म्हणजे प्रोग्रॅम कंटेनरमध्ये वेगळा ठेवून चालवणाऱ्या साधनाचं, आधी उरकून टाकू. २००८ साली वॅझम आणि वाझी असते तर डॉकर बनवावंच लागलं नसतं, असं डॉकरचे कर्ते सॉलोमन हाइक्स मार्च २०१९ मध्ये म्हणाले, हे खरं. पण वॅझम डॉकरची जागा घेणार नाही, दोन्ही शेजारी शेजारी चालतील, असंही लगेच त्यांनीच स्पष्ट केलं होतं. पुढे पाठवताना ते वाक्य गळतं.

"फाइलींना हात लावू शकत नाही." वाझीच्या पहिल्या आवृत्तीत मॉड्यूलला आपणहून एकही फोल्डर दिसत नाही. होस्टने आधीच उघडून दिलेले फोल्डर तेवढे डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा किंवा फोल्डरचा क्रमांक) ३ पासून पुढे मिळतात आणि फाइल उघडायची ती त्यांच्याच आत. दोन टिंबं लावून वर चढायला गेलं की रनटाइमने अडवायचं असतं. अडवायचं असतं, असं मुद्दाम म्हणतोय. नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) दस्तऐवजात त्याच्या वाझी मॉड्यूलबद्दल सरळ ताकीद दिली आहे, की परका कोड चालवायला यावर विसंबू नका. म्हणजे नुसतं 'वाझी सपोर्ट आहे' एवढं वाचून काही ठरत नाही, आत काय तपासलं जातं ते बघावं लागतं. आणि रनटाइम कितीही कडक असला, तरी 'फाइल सापडत नाही' असा एरर आला की वैतागून रूट फोल्डरच देऊन टाकणारे आपणच असतो. दाराला कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली.

"मेमरी बिघडवू शकत नाही." खरी गोम इथे आहे. मॉड्यूलची मेमरी म्हणजे ६४ केबीच्या पानांची एक सलग पट्टी, आणि मॉड्यूलचा पॉइंटर म्हणजे त्या पट्टीतला नुसता ३२ बिटांचा आकडा. पट्टीबाहेर वाचायला किंवा लिहायला गेला की ट्रॅप, म्हणजे मॉड्यूल तिथेच थांबवलं जातं. इथवर दावा बरोबर. पण मॉड्यूल आपलं एखादं फंक्शन बोलावतं, 'इथून पुढचे इतके बाइट घे' असं सांगतं, तेव्हा त्या आकड्यात पट्टीचा मूळ पत्ता मिळवून खरा पॉइंटर करणारा कोड आपला असतो, साध्या सीमधला. सुरुवात आणि लांबी यांची बेरीज ३२ बिटांत केली, ती न मावता शून्याला वळसा घालून आली, तपासणी पास झाली, की मॉड्यूलने आपल्याच हाताने आपली मेमरी खरवडली.

याहून चिवट प्रकार मी स्वतः करून बसलो होतो. होस्टने मेमरीचा पॉइंटर एकदा घेतला आणि एका व्हेरिएबलमध्ये जपून ठेवला. मध्ये मॉड्यूलचं मॅलॉक (मेमरी मागायचं फंक्शन) बोलावलं, त्याने मेमरी वाढवली. लॅपटॉपवर वॅझमटाइम या रनटाइममध्ये सगळं सुरळीत, कारण ६४ बिटांच्या मशीनवर तो ४ जीबीची पत्त्यांची जागा आधीच राखून ठेवतो आणि मूळ पत्ता हलत नाही. तोच कोड छोट्या बोर्डावर वॅझमथ्री या दुसऱ्या रनटाइमवर नेला. तिथे मेमरी रीॲलॉकने वाढते, म्हणजे पट्टी उठून दुसरीकडे जाऊ शकते. माझा पॉइंटर रिकाम्या घराकडे बोट दाखवत राहिला. दोन दिवस गेले.

पट्टीतून आलेल्या आकड्यावर विसंबायचं नाही, हे फायरफॉक्सवाल्यांनी आधीच ओळखलं होतं. आवृत्ती ९५ मध्ये, डिसेंबर २०२१ ला, त्यांनी ग्राफाइट, हन्स्पेल, ऑग यांसारख्या लायब्रऱ्या अशा पट्टीत कोंडल्या. त्यासाठी आधी वॅझम केलं, मग त्याचं परत सी करून कंपाइल केलं, वेगळा रनटाइम ठेवलाच नाही. पण पट्टीतून आलेलं प्रत्येक मूल्य 'बाटलेलं' धरायचं आणि तपासल्याशिवाय वापरलं तर कंपाइलच होऊ द्यायचं नाही, यासाठी त्यांनी सी++ मध्ये टाइपांची खास चौकट वापरली. आपल्याकडे नुसतं सी आहे. तिथे हे काम डोळ्यांनी करावं लागतं.

"प्रोग्रॅम अडवू शकत नाही." एक रिकामा अनंत लूप पाठवून बघा. वॅझमटाइममध्ये इंधन (किती सूचना चालल्या याचा हिशेब) मोजायची आणि ठरावीक काळाने थांबवायची सोय आहे, पण दोन्ही मुळात बंद असतात. चालू केल्या तरी त्या वॅझमच्या आतलाच कोड थांबवतात. प्लगइन वाझीकडे तासभराची झोप मागून बसलं, तर तुमचा थ्रेडही तासभर झोपतो.

"नुसता पुन्हा कंपाइल करायचा." फोर्क नाही, एक्झेक नाही, म्हणजे दुसरा प्रोग्रॅम सुरू करता येत नाही. पहिल्या आवृत्तीत आपणहून बाहेर कनेक्शन जोडायचीही सोय नाही. शिवाय जुन्या कोडमधले बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेबाहेर लिहिणारे बग) पट्टीच्या आत तसेच जिवंत राहतात. उलट शून्य पत्त्यावर लिहिलं तरी ट्रॅप होत नाही, कारण शून्य हा पट्टीतला वैध पत्ता आहे. नेटिव्ह (थेट मशीनसाठीच्या) बिल्डमध्ये जो बग पहिल्याच दिवशी धाडकन कोसळला असता, तो इथे मुकाट्याने डेटा खराब करत बसतो.

आणि दहा ओळी? इंजिन, स्टोअर (मॉड्यूलचा चालू डेटा धरणारं), वाझीची मांडणी, लिंकर, मॉड्यूल, प्रत्येक पायरीवर एरर आणि ट्रॅप वेगवेगळे तपासणं, कोणाची मालकी कोणाकडे गेली हे ध्यानात ठेवून तेवढंच फ्री करणं, याच्या दहा ओळी कशा होतात ते मला कोणीतरी दाखवावं. वाझीची मांडणी एकदा स्टोअरला दिली की ती त्याची झाली. ती वर आणखी आपण फ्री केली की संपलं. पहिल्या प्रयत्नात माझं प्लगइन दर वेळी फेल दिसायचं. प्लगइन शेवटी इमानदारीत एक्झिट शून्य म्हणत होतं, आणि वॅझमटाइम ते एरर म्हणून परत देत होता. एररच्या पोटातून एक्झिट स्टेटस काढून ते शून्य आहे का हे बघणाऱ्या तीन ओळी घातल्यावर ते पास व्हायला लागलं.