‘एसीत बसून लिहिणं सोपं असतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

अभियंता महोदय,

(तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘अभियंता, पुणे’ एवढंच लिहिलंय, म्हणून हे संबोधन.)

‘नागपूर रात्रीही का निवत नाही’ या, तापलेलं शहर, गच्चीला चुना, झाडं आणि तलाव यांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी सारांश देतो. तुमचं म्हणणं असं: मी जमिनीचं तापमान आणि हवेचं तापमान यांची गल्लत केली. उपग्रहाच्या नोंदींत मे महिन्यातल्या दिवसा शहरापेक्षा भोवतालची नांगरून पडलेली शेतंच जास्त तापलेली दिसतात, मग ‘उष्णतेचं बेट’, म्हणजे भोवतालापेक्षा जास्त तापलेलं शहर, कसलं? गच्चीला चुना म्हणजे आजीबाईचा बटवा. झाडांना उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? 48 अंशांचा आकडा चूक. आणि सर्वात शेवटी, जाता जाता: ‘एसीत बसून असे लेख लिहिणं सोपं असतं.’

आधी चूक कबूल करतो, नाहीतर म्हणाल ऐकूनच घेत नाही. 23 मे 2013 ची नागपूरची नोंद 47.9 अंश आहे. मी 48 लिहिलं. एक दशांश, मान्य. मे 2024 मध्ये याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते, देशभर बातम्या झाल्या आणि मग यंत्रच बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याला करावा लागला. तेव्हा हे दशांश मोजणारे कुठे होते कोण जाणे. असो.

आता एसी.

मी जन्मलो नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या एका कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात. मातीच्या जाड भिंती, मधे अंगण, अंगणात कडुनिंब. संध्याकाळी आई अंगणात पाणी शिंपायची, खाटा बाहेर निघायच्या आणि नऊ-दहापर्यंत घर झोपण्याजोगं व्हायचं. नवतपातही, मे अखेरच्या त्या सर्वात तापलेल्या नऊ दिवसांतही, पहाटे चादर ओढावी लागायची. (हे ‘पूर्वी सगळं छान होतं’ छाप वाटत असेल तर सांगतो, त्याच घरात दर पावसाळ्यात सात ठिकाणी बादल्या लागायच्या.) पुढे वडिलांनी ते पाडून तीन मजली स्लॅबचं घर बांधलं. बादल्या गेल्या, खाटाही गेल्या. सगळ्यात वरच्या मजल्यावर मी राहतो. एसीचा हिशेब मांडण्याआधी तुम्ही त्या खोलीत एक मे महिना काढायला हवा होता.

स्लॅब काय करतो, हे अभियंत्याला सांगायची वेळ यावी! दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळला की प्यायलेलं सगळं खाली सोडायला लागतो. कवेलू पातळ, फटींतून वारा खेळता, दिवस मावळला की लवकर निवायचे. त्यात आमची गल्ली आठ फुटांची, दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले. भिंतींना आकाश दिसतच नाही, त्या एकमेकींकडे तोंड करून एकमेकींनाच भाजत बसतात. चार वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता आईने मला उठवलं. भिंतीला हात लावून उभी होती. म्हणाली, ‘भिंती काहून अशा तापून राहिल्या रे?’ मी हात लावला. कोमट नव्हती, गरम होती. रात्री दोन वाजता. दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यात होती, सलाइनवर.

त्यानंतर एसी आला. होय साहेब, आहे. एक. आईच्या खोलीत. माझ्या खोलीत कूलर आहे, दर मार्चमध्ये त्याचं गवत मी स्वतः बदलतो. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून पाणी उडून जाताना हवा खरंच थंड होते. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर खोली नुसती चिकचिकीत करील. आणि एसी गारवा ‘तयार’ करत नाही, खोलीतली उष्णता उचलून गल्लीत टाकतो, वर खाल्लेल्या विजेची भर घालतो, हेही मला ठाऊक आहे. समोरच्या काकू आमच्या एसीच्या बाहेरच्या डब्यामुळे रात्री खिडकी लावून घेतात. मला त्याची लाज वाटते. मूळ लेखाचा चौथा परिच्छेद यावरच होता. तिथपर्यंत पोहोचलात का?

म्हणजे माझ्याकडे एसी आहे म्हणून मी लिहू नये, आणि नसता तर म्हणाला असतात, याला परवडत नाही म्हणून जळतो. ही वादाची रीत पुण्यात चालत असेल.

चुन्याचं घ्या. आजीबाईचा बटवा म्हणून तुम्ही ज्याला हसलात, त्यावर तेलंगणा सरकारने 2023 साली धोरण काढलं: छपरं ऊन परतवणारी हवीत. अहमदाबादेत मे 2010 मध्ये पारा 46.8 वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं मेली. मग 2013 साली तिथे उष्णतेसाठीचा कृती आराखडा आला, आणि पुढे वस्त्यांमधल्या पत्र्यांवर, स्लॅबवर पांढरा हात मारायची मोहीमही निघाली. ही माणसं काय आजीबाई होती?

मी स्वतः तीन उन्हाळे करतोय. कळीचा चुना रात्रभर पिंपात विरवायचा, फडक्याने गाळायचा, थोडा फेव्हिकॉल घालायचा, गच्ची झाडून-धुऊन ऊन चढायच्या आत दोन हात मारायचे. डोळ्यांना गॉगल हवाच, एकदा न लावता केलं आणि दुपारभर डोळे चोळत बसलो. पहिल्या वर्षीच आईच्या खोलीचा एसी रात्री अकराऐवजी बाराला लागू लागला. एवढंच. मी चमत्कार म्हटलेला नाही. पावसात चुना धुऊन जातो, धुळीने मळतो, दरवर्षी पुन्हा लावावा लागतो. तेही लेखात आहे.

‘मग रस्तेही पांढरे रंगवायचे का?’ असं तुम्ही कंसात विचारलंय, बहुधा विनोदाने. अमेरिकेतल्या फिनिक्सने 2020 पासून डांबरी रस्त्यांवर फिकट लेप चढवले. भर दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग सहाएक अंशांनी कमी तापला, पण परतलेलं ऊन वरून चालणाऱ्याच्या अंगावर आलं, त्याला ऊन जास्तच लागलं. म्हणून छपराला पांढरा, रस्त्याला सावली, असंच मी म्हणतो. छपरावर दुपारी कोणी चालत नाही.

जमीन आणि हवा या मुद्द्यावर फार लिहीत नाही. लेखाच्या मथळ्यातच ‘रात्री’ आहे. उघडी शेतं दिवसा तापतात हे खेड्यातल्या पोरालाही माहीत आहे, पण ती रात्री निवतात, इतवारीसारखी शहरातली दाट पेठ निवत नाही. लेखात मी इतवारी आणि शहराच्या कडेच्या, झाडीतल्या गोरेवाड्याच्या तापमानाच्या ज्या दोन नोंदी दिल्या त्या दुपारच्या होत्या, हे खरं. पण तो काही लेखाचा गाभा नव्हता, आणि त्या एका वाक्यावर अख्खी प्रतिक्रिया उभी करणं मला तरी मोठ्या मनाचं वाटलं नाही.

झाडांच्या पाण्याबद्दल: आधी त्यांच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडा, मग पाण्याचं बोलू. आमच्या चौकातल्या कडुनिंबाला गट्टूंनी (फरशीच्या सिमेंटच्या ठोकळ्यांनी) असं आवळलंय की सालीवर वळ उठलेत. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 सालीच दिल्लीत बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आमच्या गल्लीपर्यंत ते बहुधा चालत येत असावं. पावसाचं पाणी मुळांत उतरलं तर रुजलेल्या कडुनिंबाला मेमध्ये टँकर लागत नाही. करंजालाही नाही. गुलमोहर लावून फोटो काढणाऱ्यांना मात्र एक विचारायचंय: ऐन मेमध्ये त्याच्याखाली कधी उभे राहिलात? फुलं लालभडक, सावली चाळणीतून गाळल्यासारखी.

तलावांवर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. नाईक तलाव, लेंडी तलाव किती आक्रसले, त्यावर लेखाचा अर्धा भाग होता. त्यात दशांश सापडला नसावा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. काही वाचकांनी ‘उडवा ती’ असं कळवलं होतं, त्यांनाही नाही म्हटलं. फक्त पुढच्या वेळी नाव लिहा आणि आईच्या खोलीतल्या एसीला मधे आणू नका. कधी नागपूरला आलात तर घरी या. जूनच्या पहिल्या आठवड्यात या, रात्री मुक्कामाला, वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत. कूलर तुमच्याकडे वळवून ठेवीन.

आणि हो, मूळ लेखात 48 चं 47.9 केलं आहे.