ओठावर फोड येतात म्हणून अल्झायमर होणारच, असं नाहीये
व्हॉट्सअॅपवर फिरतंय की ज्यांच्या ओठावर फोड येतात त्यांचा मेंदू हर्पिस नावाचा व्हायरस आतून खातो आणि म्हातारपणी अल्झायमर ठरलेला. प्लीज पुढे पाठवू नका. ओठावरचा हर्पिस, म्हणजे एचएसव्ही-१, जगात पन्नाशीच्या आतल्या जवळपास ६४ टक्के लोकांच्या अंगात आहे, चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत गप्प पडून असतो, ताप आला, ऊन लागलं की ओठाच्या कडेला आधी चुणचुण आणि मग पाण्याचे फोड, बस. एवढ्या सगळ्यांना अल्झायमर होतो का?

संबंध अजिबात नाही असंही नाही हं. मँचेस्टरच्या संशोधक रूथ इत्झाकींना १९९१ मध्येच म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत ह्या व्हायरसचा डीएनए सापडला होता, लॅबमध्ये मेंदूच्या पेशींना इन्फेक्शन दिलं की अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रोटीन) साठतं हेही दिसलंय, पण त्यानेच आजार होतो हे अजून सिद्ध नाही.

खरी भीती ह्याच व्हायरसमुळे होणाऱ्या एन्सेफलायटिसची, म्हणजे मेंदूला सूज येण्याची, तो फार क्वचित होतो पण त्यात आठवणी सांभाळणारा टेम्पोरल भागच सुजतो. ताप, डोकेदुखी आणि माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला, फिट आली तर घरी थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, असायक्लोव्हिर हे व्हायरसवरचं औषध शिरेतून जितकं लवकर सुरू होईल तितका मेंदू वाचतो.