ब्लूज आफ्रिकेतून आलं की मिसिसिपीत जन्मलं? कट्ट्यावर पेटलेला वाद

शनिवारी मंदारने मोबाईलवर अली फार्का तूरे लावला आणि म्हणाला, "हे ऐका, पश्चिम आफ्रिकेतल्या मालीतला गिटारवाला, नायजर नदीकाठचा, आणि डोळे मिटून ऐकलं तर अमेरिकेतल्या मिसिसिपीतला वाटतो की नाही? म्हणजे ब्लूज, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ते गाणं, आलं कुठून ते कळलं, विषय संपला."

सुनील उसळलाच. "अरे कसला संपला? याने साठच्या दशकात जॉन ली हूकर, तो अमेरिकन ब्लूजवाला, ऐकलाय, त्याला वाटलं हा आपल्याकडचाच कोणीतरी, म्हणजे अमेरिका त्याच्या कानात पोचलेली होती ना, मग त्याची गिटार पुरावा म्हणून कशी चालेल?"

"पण त्याला तो आपला वाटला कशामुळे ते सांग की! गिटार नंतरची, त्याआधी तो एका तारेची वाद्यं वाजवायचा."

"बरं, मग मला नेमकं काय आलं ते दाखव. ब्लूजचे तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे गट, युरोपचे. जॅझमधला कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, सगळं युरोपचं. आफ्रिका कुठाय?"

इथे तन्वी मधे पडली, ती एरवी गप्प ऐकते पण या विषयात तिचा अभ्यास आहे. म्हणाली बँजो धर. सेनेगल-गांबियाकडे जोला लोकांचं अकोंटिंग आहे, भोपळ्यावर चामडं ताणलेलं, लांब दांडी, आणि एक आखूड तार जी अंगठ्याने छेडतात, आणि बँजोतही ती आखूड तार आजवर टिकलीय. १८१९ मध्ये लॅट्रोब नावाचा एक आर्किटेक्ट न्यू ऑर्लिन्सला होता, तिथे रविवारी गुलाम लोक काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात जमून नाचायचे, वाजवायचे, तिथे त्याने ढोलांच्या शेजारी एक म्हातारा तंतुवाद्य वाजवताना पाहिला आणि त्याचं चित्रच काढून ठेवलं. खाली भोपळा, दांडीच्या टोकाला बसलेल्या माणसाची छोटी मूर्ती कोरलेली, मूर्तीच्या मागे तारांच्या दोन खुंट्या. हे वाद्य आफ्रिकेतूनच आलेलं असणार असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

"आणि ढोलांचं विसरू नका," ती म्हणाली. "१७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीपाशी गुलामांनी बंड केलं, ढोल वाजवत निघाले होते ते, दुसऱ्याच वर्षी कायदा आला आणि त्यांच्या ढोलांवर, शिंगांवर बंदी. ज्या गोष्टीत काही ताकद नाही तिच्यावर कोण कायदा करतं? न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र १८१७ च्या हुकुमाने जमायची जागा ठरवून दिली, पण ढोल चालू राहिले. मग ढोल गेले तिथे ताल कशात शिरला? हातात, पायात, गिटारच्या खोक्यात. डेल्टातला ब्लूजवाला चार्ली पॅटन, त्याची १९२९ ची रेकॉर्डिंग ऐक, मधेच गिटारवर थापा मारतो."

सुनील इतक्यावर गप्प बसणारा नाही. त्याचं म्हणणं, उत्तर मिसिसिपीत बांबूची बासरी आणि ढोल वाजवणारे लोक विसाव्या शतकातही होते, अ‍ॅलन लोमॅक्स या लोकसंगीत गोळा करणाऱ्याने १९४२ मध्ये त्यांच्यातल्या सिड हेम्फिलला रेकॉर्ड केलंय, म्हणजे ढोल सगळीकडे गेले असं म्हणता येत नाही. हा मुद्दा खरा आहे, तन्वीनेही मान्य केला. आणि त्याचा दुसरा प्रश्न मला जास्त वजनदार वाटला. बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी, मिसिसिपी डेल्टा तर अमेरिकेतल्या यादवी युद्धापर्यंत (१८६१-६५) बराचसा दलदल आणि जंगल, तिथे ब्लूज घडलं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला. आफ्रिका प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस तोवर उरलं होतं कुठे?

यावर मी बोललो, कारण या बाबतीत माझं मत ठाम आहे. पोरांकडे बघा. डेल्टातली गरीब पोरं झाडूला बांधलेली तार सोडवायची, घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांना ताणून बसवायची, दोन्ही टोकांना तारेखाली बाटली किंवा दगड सरकवायचा म्हणजे ती तंग होते, मग एका हाताने तार छेडायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर काच घासत न्यायची. डिडली बो म्हणतात त्याला. आपल्या तुणतुण्याला भिंतीवर आडवं ठोकलं असं समजा. यात पडदे नाहीत, त्यामुळे सूर पियानोच्या पट्ट्यांमधल्या फटीत कुठेही थांबतो, गळ्यासारखा ओढला जातो. हीच पोरं मोठी झाल्यावर गिटारवर सुरी आणि बाटलीची मान घासायला लागली. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीने १९०३ च्या सुमाराला डेल्टातल्या टटवायलर स्टेशनवर एका फाटक्या कपड्यातल्या माणसाला असंच सुरीने वाजवताना ऐकलं होतं. काही जण हे हवाईयन गिटारवरून आलं म्हणतात, हँडीनेही हवाईयनांची आठवण काढलीय, पण भिंतीवरची तार हवाईची नाही, एक तार आणि घासून काढलेला सूर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत सापडतो. वाद्य बरोबर आणता आलं नाही तरी कसं वाजवायचं ते आजीकडून नातवाकडे जातं, त्याला जहाज लागत नाही.

"मग मालीचं नाव कशाला घेता, त्या आजीचं घ्या," सुनील म्हणाला, आणि इथे मी शंभर टक्के त्याच्या बाजूने आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणाऱ्या, कर्जात बुडालेल्या माणसांनी तीन परके कॉर्ड घेऊन त्यावर वाकडा सूर बसवला, हे त्यांचं कर्तृत्व आहे. ते थेट मालीतल्या टिंबक्टूच्या खात्यावर टाकणं म्हणजे त्यांना नुसते हमाल ठरवणं.

जॅझवर आलो तेव्हा मंदारने न्यू ऑर्लिन्सचा जॅझ पियानोवाला जेली रोल मॉर्टन काढला. १९३८ मध्ये लोमॅक्ससमोर पियानोवर वाजवून दाखवत तो म्हणाला होता की स्पॅनिश छटा नसेल तर जॅझचा मसाला जमत नाही. ती छटा म्हणजे आठ मोजायचे आणि ३-३-२ असे तोडायचे, क्यूबाचा हबानेरा, आणि क्यूबाला तो तुकडा आफ्रिकन लोकांच्या हातूनच मिळालेला. म्हणजे एक वाट हवानावरूनही आली, हे सुनीलला पटलं.

शेवटी फ्रान्सिस बोलला, म्हापशाचा, घरी वाजवणारी माणसं आहेत. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी त्याचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड घेऊन मुंबईत ताजला वाजवायला आला, मागून पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला. गोव्याचे वादक चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले, कागद समोर ठेवला की कसलंही वाजवणार. "पण ते स्विंग, जॅझच्या तालातला तो झोका, कागदावर नव्हतंच ना रे," तो म्हणाला, "ते त्या लोकांच्या शेजारी बसून कानानेच उचलावं लागलं."

"बघ, ट्रम्पेट तोच, फरक वाजवण्यात," मंदार सुनीलला म्हणाला.

"तोच. पण शिकवायला आले ते अमेरिकेतले, मालीतले नव्हे," सुनीलने परत सुरू केलं.