बेसबॉलमधली आकडेमोड २००२ ला सुरू झाली? अजिबात नाही

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे फिरतेय, की आकड्यांवरून प्लेअर निवडायची आयडिया २००२ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंड टीमचा जनरल मॅनेजर (जीएम) बिली बीनने काढली, त्याआधी सगळे नुसते नजरेने पारखायचे, आणि कॉम्प्युटरशिवाय हे जमलंच नसतं. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि ज्यांनी आयुष्य घातलं त्यांची नावं यात पुसली जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिलं, सुरुवात. हेन्री चॅडविक, जन्म इंग्लंडचा, लहानपणीच ब्रुकलिनला आला आणि न्यूयॉर्कच्या पेपरांत क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. १८५९ मध्ये त्याने क्रिकेटच्या स्कोअरकार्डावरूनच बेसबॉलचा बॉक्स स्कोअर बनवला, मॅच न बघता कोणी काय केलं ते पेपरात वाचून कळायला लागलं. बॅटर तीन स्ट्राइक होऊन आऊट झाला की त्या स्ट्राइकआऊटला आजही 'के' लिहितात ना, तो त्याचाच, 'स्ट्रक'मधलं शेवटचं अक्षर.

फक्त त्याचं एक मत पुढे फार नडलं. पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, चार बॉल बाहेर टाकले की बॅटरला आयता पहिला बेस मिळतो, तो वॉक. चॅडविक म्हणायचा ही पिचरची चूक, त्यात बॅटरचं कसलं श्रेय? १८८७ ला एक सीझन वॉक हिटमध्ये (बॉल मारून बेस गाठण्यात) धरून बघितले, बॅटिंग ॲव्हरेज भलतेच फुगले, लगेच नियम गेला आणि ॲव्हरेजमध्ये वॉक परत मोजेनासे झाले.

नजरेने पारखण्याचं म्हणाल तर १९४७ मध्येच ब्रुकलिन डॉजर्स टीमचा कारभार बघणाऱ्या ब्रांच रिकीने ॲलन रॉथला खास आकड्यांसाठी पगारावर ठेवलं होतं. हा माणूस मॅचमधला एकेक पिच (टाकलेला बॉल) हाताने टिपायचा, कुठला बॅटर डावखुऱ्या पिचरसमोर कसा खेळतो, बॉल-स्ट्राइकच्या कुठल्या काउंटला काय करतो, सगळं. १९५४ ला रिकीने 'लाइफ' मासिकात लेख लिहून सांगितलं की बॅटर बेसवर किती वेळा पोचतो ते बघा, वॉक धरून! हे सगळं हाताने, म्हणजे कॉम्प्युटरचा मुद्दा इथेच संपला. तरी ही बेसवर पोचण्याची टक्केवारी, ऑन-बेस पर्सेंटेज, अधिकृत व्हायला १९८४ उजाडलं.

मधल्या काळात कॅन्ससच्या एका फॅक्टरीत रात्रपाळीचा वॉचमन असलेला बिल जेम्स बॉक्स स्कोअर चाळत बसायचा, १९७७ पासून स्वतःच पुस्तकं काढायला लागला, बेसबॉलच्या आकड्यांच्या अभ्यासाला 'सेबरमेट्रिक्स' हा शब्दही त्याचाच.

आणि ओकलंडमध्येही ऑन-बेसवर भर बीनच्या आधीच्या जीएमने, सँडी ॲल्डरसनने दिला होता, बीन त्याच्याच हाताखाली शिकला. बाकीच्या टीम वॉक घेणाऱ्यांना कमी पैसे देतात हे हेरून बीनने कमी बजेटमध्ये २००२ ला १०३ मॅच जिंकल्या, ते श्रेय त्याचं पूर्ण. पण त्याच टीममध्ये झिटो, हडसन, मल्डर असे तीन तगडे पिचर होते, त्यांचं नाव त्या पोस्टमध्ये एकदाही नाही.