‘वेळ बदला’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

स्कॉटलंडच्या रेल्वेभाड्याविषयीचा एक मराठी संदेश बरेच दिवस व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. परवा तो आमच्या नातेवाइकांच्या गटातही येऊन पोहोचला, आणि तोही थेट माझ्या भाचीचे नाव घेऊन. तिच्या धाकट्या काकांनी पुण्याहून वर एक ओळ जोडली होती, "वाच, तुमच्याकडचेच आहे. उगाच भाड्याच्या नावाने रडत असता." भाची ग्लासगोला राहते, एडिंबऱ्यातील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि तिची दिवसपाळी सकाळी आठला सुरू होते. तिने उत्तर दिले नाही, कारण वडीलधाऱ्यांशी वाद घालायचा नाही हे वळण तिला आहे. मला ते जरा कमी आहे, म्हणून हे लिहितो आहे.

संदेशाचा आशय थोडक्यात असा. ब्रिटनने गर्दीच्या वेळचे जादा रेल्वेभाडे रद्द करून पाहिले, पण एकही माणूस मोटार सोडून रेल्वेत आला नाही. सवलत सगळी सुखवस्तू लोकांच्या खिशात गेली. चालकांना पगारवाढ द्यायची होती म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये जादा भाडे परत आणले गेले आणि सुशिक्षित जनतेने ते निमूटपणे स्वीकारले. ज्यांना परवडत नाही त्यांनी आपली प्रवासाची वेळ बदलावी. आणि शेवटी उपदेश असा की, मुंबईच्या लोकललाही हाच नियम लावला तर गर्दी आपोआप पांगेल.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. हे ब्रिटनने केलेले नाही, स्कॉटलंडने केले. इंग्लंडमध्ये गर्दीच्या वेळचे भाडे कधी हटलेच नव्हते. स्कॉटरेल ही कंपनी १ एप्रिल २०२२ पासून स्कॉटिश सरकारच्या मालकीची आहे आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झालेला प्रयोग फक्त तिच्याच गाड्यांपुरता होता. दिवसभर एकच, म्हणजे कमी गर्दीच्या वेळचे, भाडे आकारायचे एवढेच त्याचे स्वरूप होते.

आता ‘एकही माणूस मोटार सोडून आला नाही’ या दाव्याकडे वळू. प्रयोगाचा अंतिम मूल्यमापन अहवाल ट्रान्सपोर्ट स्कॉटलंड या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि संदेशकर्त्याने तो उघडूनही पाहिलेला नाही हे उघड आहे. त्या अहवालानुसार नऊ महिन्यांत सुमारे ४० लाख जादा रेल्वेप्रवास झाले आणि त्यांतले सुमारे २० लाख असे होते जे एरवी खासगी मोटारीने झाले असते. म्हणजे वाढलेल्या प्रवासांपैकी निम्मे मोटारीतून आले. याला ‘एकही नाही’ म्हणायचे असेल तर मग आकड्यांची भाषाच सोडून द्यावी लागेल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. त्याच अहवालात असेही म्हटले आहे की स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे ५०० कोटी मोटारप्रवास होतात आणि त्यांच्या तुलनेत ही घट ०.१ टक्क्याहूनही कमी भरते. सरकारने प्रयोग गुंडाळताना याच तुलनेचा आधार घेतला. परंतु हे माप मुळातच रेल्वेला नापास करण्यासाठी आखल्यासारखे आहे. स्कॉटरेलचे सगळे प्रवासी मिळून वर्षाला आठ कोटींच्या आसपास प्रवास करतात. उद्या ही संख्या दुप्पट झाली आणि वाढलेला प्रत्येक माणूस मोटारीतूनच उतरून आला, असे अशक्यप्राय चित्र धरले, तरीही मोटारप्रवासांतील घट दोन टक्क्यांच्या आतच राहील. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला काढलेली गाडी, रूळच नसलेल्या बेटांवरची गाडी आणि ग्लासगो ते एडिंबरा रोज धावणारी गाडी यांची एकच मोळी बांधून तिच्याशी एका भाडेसवलतीची तुलना केली, तर उत्तर शून्याजवळच येणार. ज्या मार्गांवर रेल्वे आणि मोटार यांच्यात खरोखर निवड करता येते, तेवढ्याच मार्गांचा हिशेब मांडला असता तर तो प्रामाणिक ठरला असता.

प्रयोग कसा राबवला गेला हेही पाहायला हवे. सुरुवातीला तो सहा महिन्यांचा होता. मग जूनअखेरपर्यंत वाढवला, मग २७ सप्टेंबर २०२४ पर्यंत. तीन-तीन महिन्यांच्या मुदतवाढीवर विसंबून कोणी घरातली दुसरी मोटार विकत नाही, की स्टेशनाजवळ घर बघत नाही. शिवाय प्रयोग चालू असतानाच, १ एप्रिल २०२४ पासून, स्कॉटरेलची सगळी भाडी ८.७ टक्क्यांनी वाढवण्यात आली. जुलैमध्ये चालकांच्या वेतनाचा वाद चिघळला, त्यांनी जादा पाळ्या करणे थांबवले आणि रोजच्या शेकडो गाड्या वेळापत्रकातून गळाल्या. त्याआधीच्या शरदात आणि हिवाळ्यात बॅबेट आणि ईशा या वादळांनी गाड्या बंद पाडल्या होत्या, ते वेगळेच. एवढे सगळे होऊनही प्रवासी कमाल ६.८ टक्क्यांपर्यंत वाढले. खर्च भरून निघायला १० टक्के वाढ हवी होती आणि तेवढी ती झाली नाही, हे खरे आहे. सवलत पुढे चालवायला वर्षाला चार कोटी पौंडांपर्यंत खर्च येईल असे सरकारने सांगितले होते. ही रक्कम क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. पण ‘खर्च भरून निघाला नाही’ आणि ‘कोणी आलेच नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

सवलतीचा लाभ सुखवस्तूंना झाला, हा मुद्दा मला नाइलाजाने अर्धा मान्य करावा लागतो. आधीपासून रेल्वेने जाणाऱ्यांना आणि मध्यम ते उच्च उत्पन्न असलेल्यांना मुख्यतः फायदा झाला, असे अहवालच सांगतो. त्यात नवल नाही. स्कॉटलंडमध्ये हातावर पोट असलेला माणूस जास्त करून बसने जातो, आणि तिथे २२ वर्षांखालील व साठीपुढील रहिवाशांना बसप्रवास मोफतही आहे. पण रेल्वेने जाणारे बहुतेक जण मध्यमवर्गीय असतील, तर त्याचे एक कारण ती एवढी महाग आहे हेही असू शकते, एवढी साधी शंका संदेशकर्त्याला आली नाही. आधी दाराशी जबर प्रवेशफी लावायची आणि मग आत सगळे पैसेवालेच दिसतात म्हणून ती फी योग्य ठरवायची, असा हा प्रकार आहे.

पगारवाढीच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. प्रयोग २७ सप्टेंबरला संपणार हे आधीच ठरलेले होते आणि ऑगस्टमध्ये मुदतवाढ नाकारताना सरकारने कारण दिले ते अंदाजपत्रकावरील ताणाचे. आणि ज्या चालकांच्या नावाने बोटे मोडली जात आहेत, त्यांचीच अ‍ॅस्लेफ ही संघटना जादा भाडे परत आणण्याच्या विरोधात सर्वांत पुढे होती.

यातूनच ‘निमूटपणे स्वीकारले’ या दाव्याचेही उत्तर मिळते. रेल्वे कामगारांच्या संघटना, ग्रीन पक्ष आणि इतर विरोधी पक्ष या सर्वांनी त्या निर्णयावर टीका केली. ग्लासगो–एडिंबरा परतीचे तिकीट १६ पौंड २० पेन्सवरून एका रात्रीत ३१ पौंड ४० पेन्सवर गेले, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाले. लोक गप्प बसले असते तर पुढे जे घडले ते घडलेच नसते. काय घडले, ते संदेशात शोधूनही सापडणार नाही. ६ मे २०२५ रोजी स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथले सरकारप्रमुख, जॉन स्विनी यांनी गर्दीच्या वेळचे भाडे कायमचे रद्द करण्याची घोषणा केली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून ते रद्द झालेही. तोवर आणखी एक दरवाढ होऊन ३२ पौंड ६० पेन्सवर पोहोचलेले तेच तिकीट त्या दिवसापासून १६ पौंड ८० पेन्सला मिळू लागले. ज्या सरकारने ‘परवडत नाही’ म्हणून प्रयोग बंद केला, त्याच सरकारने वर्षभराच्या आत तो धोरण म्हणून स्वीकारला. संदेशकर्ता मात्र अजून २०२४ च्या सप्टेंबरातच उभा आहे आणि तिथूनच आपल्याला ‘सिद्ध झाले’ म्हणून सांगतो आहे.

आता ज्या वाक्यामुळे मी हे लिहायला बसलो, त्याकडे येतो. ‘परवडत नसेल तर वेळ बदला.’ हे वाक्य ऐकायला समंजस वाटते आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे. जादा भाड्याचे शास्त्रीय समर्थन असे केले जाते की, प्रवाशाला पैशाचे आमिष दाखवले तर तो कमी गर्दीच्या गाडीकडे वळेल आणि गर्दी विभागली जाईल. यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे प्रवाशाची वेळ त्याच्या स्वतःच्या हातात असते. ज्यांच्या हातात ती खरोखर असते, असे लोक करोनानंतर आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच काम करू लागले, किंवा नाश्ता आटोपून साडेनऊची गाडी पकडू लागले. उरले कोण? परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, दुकानाचे शटर उघडणारे, शाळेत पहिली घंटा देणारे. यांच्यासाठी जादा भाडे हे वेळ बदलण्याचे आमिष नसते. ती नोकरीवर जाण्याची पट्टी असते.

भाचीचेच उदाहरण घ्या. आठची पाळी गाठायची तर तिला ग्लासगोहून साडेसहाच्या आसपास निघावे लागते, कारण गाडीला सुमारे पन्नास मिनिटे लागतात आणि पुढे बस असते. कमी गर्दीचे तिकीट साधारणपणे सकाळी सव्वानऊनंतर चालू होत असे. म्हणजे रक्ताचे नमुने यंत्रावर चढवून तासभर झाल्यानंतर तिने घरातून निघावे, असा या सल्ल्याचा अर्थ होतो. तिच्या पाळ्या कधी तीन, कधी चार आणि दर आठवड्याला वेगळ्या वारी असतात, त्यामुळे मासिक पासही अंगावर पडतो. जादा भाडे परत आले त्या काळात आठवड्याच्या तीन फेऱ्यांचा फरकच ४५ पौंडांहून अधिक होत होता. सरकारने त्या वेळी पासांवर वर्षभरासाठी २० टक्के सूट दिली आणि दहा एकेरी प्रवासांच्या पैशांत बारा देणारे साठ दिवसांचे तिकीटही काढले, हे नमूद करायला हवे. पण दुप्पट झालेल्या भाड्यापुढे ही मलमपट्टीच होती.

याहून विसंगत गोष्ट अशी की ‘गर्दीची वेळ’ ठरवणारी व्यवस्था घड्याळाकडे बघत होती, डब्याकडे नव्हे. पहाटे सहाच्या सुमाराची गाडी घ्या. ऑफिसे उघडण्याआधी ती झाडून-पुसून ठेवणारी माणसे या वेळेला निघतात आणि बसायला हवी तेवढी जागा असते, तरी भाडे मात्र गर्दीचेच. सव्वानऊ वाजून गेल्यावर सुटणारी गाडी गच्च भरलेली असली तरी भाडे कमी गर्दीचे. गर्दी पांगवणे हा खरोखर हेतू असता तर सर्वांत स्वस्त तिकीट पहाटेच्या प्रवाशाला मिळायला हवे होते. प्रत्यक्षात ज्याला दुसरा पर्यायच नाही त्याच्याकडून पैसे वसूल करणे सर्वांत सोपे असते, एवढाच या पद्धतीचा आधार होता.

राहता राहिली मुंबई. इथल्या लोकलच्या दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्यात मिळतो. जून २०१४ मध्ये रेल्वेने तो तीस प्रवासांच्या हिशेबाने आकारायचे ठरवले तेव्हा एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. काकांना तो गदारोळ आठवत असणार, कारण त्या वेळी ते रोज कल्याणहून जात होते आणि भाडेवाढीच्या विरोधात बोलणाऱ्यांत त्यांचाही आवाज होता. बदलापूरहून सकाळी सातच्या लोकलला लोंबकळणारा माणूस हौसेने ती वेळ निवडत नाही, ती त्याच्या कार्यालयाने निवडलेली असते. हे प्रशासनालाही ठाऊक आहे. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये गर्दी कमी करण्यासाठी मुंबईतील कार्यालयांना पत्रे पाठवली आणि कामाच्या वेळा विभागून ठेवण्याची विनंती केली. ती पत्रे कार्यालयांच्या व्यवस्थापनांना गेली होती, लोकलमध्ये उभ्या असलेल्या प्रवाशांना नव्हे. काकांनी त्या संदेशाच्या जागी ते पत्र पुढे पाठवले असते तर भाचीला निदान हसून उत्तर देता आले असते.