मुलांना जरा घाबरू द्या की!

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार आहे.

आमच्या सोसायटीत मे महिन्यात शनिवारी मुलांसाठी क्लबहाउसमध्ये सिनेमा असतो. या वेळी निवड माझ्याकडे होती. मी 'टायगर बे' लावला. १९५९ चा ब्रिटिश सिनेमा, कृष्णधवल. मुलं आधी कुरकुरली, मग चटईवर पुढे पुढे सरकायला लागली. आणि नेमका खून झाला तेव्हा एका बाबांनी उठून प्रोजेक्टरच बंद केला. "लहान मुलांना हे दाखवायचं?" थोड्या वेळात भिंतीवर बोलणारी अस्वलं नाचायला लागली. दोघीतिघी विचारत होत्या, "पण त्या मुलीचं काय झालं?" त्यांना कोणी साधं उत्तरही दिलं नाही. मला खरा राग त्याचा आलाय.

तर त्या मुलीचं काय झालं, ते इथेच सांगते. शेवटही सांगणार आहे.

टायगर बे ही वेल्समधल्या कार्डिफ शहराच्या गोदीलगतची तेव्हाची वस्ती. कोळशाच्या त्या बंदरात सोमाली, येमेनी, वेस्ट इंडियन असे देशोदेशीचे खलाशी येऊन राहिले, त्यांची पोरं रस्त्यावर एकत्र खेळतात. ती मुलगी, गिली, तिथेच राहते. पण पोरं तिला बंदुकांच्या खेळात घेत नाहीत, कारण तिच्याकडे खेळण्यातली बंदूक नाही. पुढचं सगळं रामायण या एवढ्याशा गोष्टीपायी. दाराला पत्रं टाकायची फट असते, तिच्यातून तिला दिसतं की कोर्चिन्स्की नावाचा पोलिश खलाशी बोटीवरून परतलाय आणि आपल्या मैत्रिणीशी, अन्याशी, भांडतोय. भांडण वाढतं, तो गोळी झाडतो. तो पिस्तूल लपवतो, गिली ते पळवते. खरं पिस्तूल! आता तिला खेळात कोण नाही म्हणेल?

माझी भाची सई दिवाळीत आमच्याकडे होती, तेव्हा तिला हा सिनेमा दाखवला होता. नऊ वर्षांची आहे. त्या फटीच्या प्रसंगाला तिने उशी छातीशी घट्ट धरली, पण डोळे काही झाकले नाहीत. मी विचारलं, "बंद करू का गं?" तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "गप्प बस ना मावशी."

पुढे खुनी तिला गाठतो आणि इथेच सिनेमा तुम्हाला चकवतो. हा माणूस तिला मारेल असं वाटत असताना दोघांची गट्टी जमते. तो एकटा, तीही एकटी. मग त्याला बोटीवर बसून निसटता यावं म्हणून ती पोलिसांशी धडाधड खोटं बोलते. चौकशी करणारा अधिकारी आहे जॉन मिल्स आणि गिली झालेली हेली मिल्स ही त्याची खरीखुरी मुलगी. बारा वर्षांची. मूळ भूमिका मुलाची होती. दिग्दर्शक जे. ली थॉम्प्सन मिल्सच्या घरी गेले, ही पोरगी पाहिली आणि मुलाची मुलगी झाली. बापाच्या डोळ्यांत डोळे घालून ती थापा मारते, बापाला कळत असतं, तो आवाज न चढवता पुन्हा विचारतो, ती पुन्हा नवीन थाप मारते. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात तिला 'रौप्य अस्वल' हा खास पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. हे बघायला मुलांना मज्जाव, आणि नाचणारी अस्वलं चालतात.

त्या रात्री जेवताना सई आणि माझी आई यांची जी जुंपली! आईचं म्हणणं एकच, "खुनी तो खुनी. पोरीने खरं सांगायला हवं होतं." सईचं म्हणणं, "पण आजी, त्याने उडी मारली ना!" कारण शेवटी बोट किनाऱ्यापासून तीन मैलांच्या पलीकडे गेलेली असते, तिथे ब्रिटिश पोलिसांचा हात पोचत नाही. तो सुटलेलाच असतो. आणि गिली समुद्रात पडते. तो क्षणभर थांबतो तरी का? थेट उडी. ती वाचते, तो सापडतो. वरण गार झालं तरी दोघी भांडतच होत्या. कोणत्या कार्टूननंतर तुमच्या घरी असं झालंय, सांगा मला.

हो, एक मान्य करते. मारली गेलेली अन्या सिनेमात लवकरच विसरली जाते, सगळी माया मारणाऱ्याच्या वाट्याला येते. मला ते अजून खुपतं. पण त्यावरही मुलांशी बोलता येतं, सिनेमा बंद करून नाही येत.

मोठ्यांची ही भीती जुनीच आहे म्हणा. याच थॉम्प्सन यांचा आधीचा 'द यलो बलून' (१९५३) युद्धात पडलेल्या इमारतींमध्ये खेळणाऱ्या एका मुलाचा, आणि त्याला 'एक्स' प्रमाणपत्र दिलं गेलं. म्हणजे सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. मुलाच्या भीतीची गोष्ट मुलांनीच बघायची नाही!

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. ते बाबा वाईट नाहीत, हे मलाही कळतं. त्यांच्या मुलीला रात्री झोप लागणार नाही अशी काळजी त्यांना वाटली असणार. पण अहो, मुलं घाबरतातच. अंधाराला घाबरतात, बाईंना घाबरतात, आईबाबांच्या बंद दाराआडच्या भांडणाला तर फारच घाबरतात. तेव्हा ती एकटी असतात. सिनेमा बघताना निदान शेजारी आपण असतो.

सई तर शांत झोपली. झोप उडाली आमच्या आईची. सकाळी चहा गाळता गाळता तिने विचारलं, "त्या पोराला फाशी झाली असेल का गं?" सिनेमा ते सांगत नाही. तेव्हा ब्रिटनमध्ये गोळी घालून केलेल्या खुनाला फाशी होऊ शकत होती, तसा १९५७ चा कायदाच होता. मी ते सांगितलं, तर ही बाई, रात्री 'खुनी तो खुनी' म्हणणारी, मलाच म्हणाली, "मग त्या उडीचा काही विचार करायचा नाही का कोर्टाने?"

ज्या मुलींना पुढे काय झालं ते बघायचंय त्यांना उद्या चार वाजता माझ्याकडे पाठवा. इंग्रजी संवाद मी शेजारी बसून मराठीत सांगेन. ते बाबाही आले तर मला आनंदच होईल, फक्त शेवटपर्यंत बसा म्हणावं.